झाड लावणें आणि रान राखणें

देवळाली कॅम्प म्हटलें कीं तोफखाना आणि निरोगी हवा या दोन गोष्टी डोळ्यांपुढें येतात. इंग्रजी अमदानींत विलायतेहून आलेल्या आणि विलायतेस परत निघालेल्या गोऱ्या पलटणी येथें मुक्काम करीत. १९४८ सालीं भारतीय तोफखान्याचें विद्यालय येथें आलें. हवेचें श्रेय मात्र छावणीचें नव्हे, तें नाशिक परिसरांतील डोंगरांचें. आणि हे डोंगर लांकूडतोड, चराई व वणवे यांपायीं उघडे पडत गेले.

उघड्या डोंगरावर झाड लावणें हें पुण्यकर्म होय, अशी लोकांची समजूत. १९५० च्या जुलैंत कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सवाची प्रथा घातली, तीमागील भावनाही हीच. परंतु झाड कोणतें, हा प्रश्न पुष्कळ वर्षें फारसा कोणीं विचारला नाहीं. मध्य अमेरिकेंतील गिरिपुष्प महाराष्ट्रांतल्या अनेक टेकड्यांवर लावलें गेलें. त्याची फांदी खोंचली तरी रुजते आणि डोंगर लवकर हिरवा दिसतो. पण त्याच्या दाटींत करवंदीच्या जाळीस व रानगवतास जागा उरत नाहीं. मग त्यांवर जगणारीं पांखरें तेथें कशास येतील?

नाशिककरांनीं निराळा मार्ग धरला तो बोरगडावर. १६८२ पासून वर्षानुवर्षें मोगलांच्या वेढ्यास दाद न देणाऱ्या रामशेजचा हा शेजारी. २००२ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्यांत दुरुस्ती होऊन ‘संवर्धन राखीव क्षेत्रा’ची तरतूद झाली. अशा क्षेत्राच्या सल्लागार समितींत ग्रामपंचायतींचे व स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असतात. या तरतुदीखालीं २००८ सालीं बोरगडचें सुमारें ३४९ हेक्टर रान राखलें गेलें. त्यामागें वनखात्याबरोबर ‘नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक’ या संस्थेचे श्रम होते.

पुढें ५ जून २०१५ रोजीं सातपूरजवळील फाशीच्या डोंगरावर ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या हांकेस ओ देऊन हजारों नागरिक जमले आणि त्यांनीं देशी जातींचीं रोपें लावलीं. त्या रानास नांव दिलें देवराई. जुन्या देवराईंत कोणी झाडें लावीत नसे. देवाच्या धाकानें कुऱ्हाड बाहेर राही आणि रान आपोआप वाढे. नव्या देवराईस तो धाक नाहीं. तेथें माणसालाच येरझारा घालाव्या लागतात. उन्हाळ्यांत पाणी, दिवाळीनंतर वाळल्या गवताची कापणी, पुढें वणव्यावर नजर. रोप लावण्यास एक सकाळ पुरते; तें जगविण्यास वर्षें लागतात.

आणखी एक धडा अंजनेरीचा. तेथें या शतकाच्या पहिल्या दशकांत कंदीलपुष्पाची एक नवी जात शास्त्रज्ञांस सांपडली आणि तिला अंजनेरीचेंच नांव मिळालें. ती वाढते उघड्या, गवताळ, खडकाळ जागेंत. तेथें सद्हेतूनें सावलीचें झाड लावणाराही तिचा वैरीच ठरेल.

स्वयंसेवकानें कुदळ उचलण्यापूर्वीं या जागीं मूळचें काय होतें हें विचारावें, आणि प्रसंगीं हातही आवरावा. देवळालीच्या हवेची कीर्ति ज्या डोंगरांनीं जोपासली, त्यांचें ऋण याच रीतीनें फिटेल.