बिअरची चूल कोठें असावी?

घरांत बिअर करावयाची तर जागा कोणती निवडावी, हा प्रश्न आम्हांस आज क्षुल्लक वाटेल. परंतु इंग्लंडांतील जुन्या संसाराचा बराचसा इतिहास त्यांत सांठलेला आहे. मोड आणून वाळविलेल्या सातूचा अर्क काढून तो उकळावयास मोठी आग व मोठें तपेलें लागे. धूर, वाफ व आगीचें भय यांमुळें श्रीमंतांनीं ही चूल राहत्या घरापासून दूर, बहुधा भटारखान्याशेजारीं नेली. कारण किण्व जसें बिअरला लागतें तसेंच पावालाही. तयार बिअर मात्र थंड तळघरांत ठेवीत; उन्हाळ्यांत ती लवकर आंबट होई.

सामान्य घरांत हें सारें स्वयंपाकघरांतच, गृहिणीच्या हातून होई. सोळाव्या शतकांतील विल्यम हॅरिसन हा पाद्री आपली पत्नी दासींसह दरमहा बिअर करी, असें नमूद करतो. पुढें शहरांत भाड्याच्या खोल्या आल्या. तेथें ना मोठी चूल, ना तळघर. १८२१ सालीं 'कॉटेज इकॉनॉमी' लिहूं लागलेल्या विल्यम कॉबेटनें दोष दिला तो करास व चहास. आमच्या मतें जागा गेली, हेंही तितकेंच मोठें कारण होय. जागेबरोबर गृहिणीची विद्या गेली, आणि त्या विद्येनें तिला मिळालेला मानही. १९६३ सालीं घरगुती बिअरसाठीं परवान्याची अट उठली. कायद्यानें मुभा परत दिली. मोडलेली परंपरा परत देणें त्याच्या हातीं नव्हतें.