इंग्लंडमधील परसबागेतील खोली आणि बांधकाम परवानगीचा कायदा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

घरामागील बागेत एखादी खोली उभारावयाची असेल तर परवानगी लागते काय, हा प्रश्न सकृद्दर्शनी इतिहासाच्या अभ्यासकाचा वाटत नाही. तो वास्तुविशारदाचा किंवा फार तर वकिलाचा वाटतो. परंतु इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर ज्या मोजमापांच्या भाषेत दिले जाते, तिच्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा राजकीय वाद आहे. आपल्या जमिनीवर बांधण्याचा हक्क मालकाचा की समाजाचा, हे त्या वादाचे मूळ होय. प्रस्तुत लेखात बागेतील खोलीच्या अनुषंगाने या हक्काच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी :

मुळात सामान्य इंग्रज कुटुंबाला बाग लाभली तीच उशिरा. एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक शहरांत कामगारांची घरे पाठीला पाठ लावून बांधली जात. त्यांना अंगणच नसे. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने रस्त्याची रुंदी, घरामागील मोकळी जागा यांविषयी उपविधी करण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना दिले. १९०९ मध्ये जॉन बर्न्स यांच्या पुढाकाराने गृहनिर्माण व नगररचना कायदा संमत झाला. १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीने शहरांत एकरी १२ पेक्षा अधिक घरे नसावीत, अशी शिफारस केली. पहिल्या महायुद्धानंतर या शिफारशीनुसार वसाहती उभ्या राहिल्या आणि कामगाराच्या घरामागे प्रथमच खरीखुरी बाग आली. दुसऱ्या बाजूला खाजगी बांधकामाचा विस्तार हमरस्त्यांच्या कडेने इतका बेसुमार झाला, की तो रोखण्यासाठी १९३५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

१९४७ चा कायदा :

या इतिहासातील निर्णायक टप्पा म्हणजे १९४७ चा नगर व ग्राम नियोजन कायदा. ॲटली यांच्या मजूर सरकारातील मंत्री लुईस सिल्किन यांनी तो मांडला. ६ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे भारताच्या स्वातंत्र्याआधी अवघे नऊ दिवस, त्याला राजसंमती मिळाली आणि १ जुलै १९४८ पासून तो अमलात आला. जमिनीची मालकी या कायद्याने काढून घेतली नाही. मात्र तिच्यावर विकास करण्याचा हक्क राज्याकडे घेतला. त्यापोटी भरपाईसाठी ३० कोटी पौंडांचा निधी ठरविण्यात आला, तर परवानगीमुळे जमिनीच्या मूल्यात होणाऱ्या वाढीवर शंभर टक्के आकार बसविण्यात आला. पुढे हुजूर पक्षाच्या सरकारने १९५३ मध्ये हा आकार रद्द केला. परवानगीचे तत्त्व मात्र कोणत्याही पक्षाने मोडले नाही.

आता अडचण अशी, की 'विकास' या शब्दाची व्याख्या अतिशय व्यापक होती. जमिनीवरील, जमिनीवर उंच किंवा जमिनीखालील कोणतेही बांधकाम आणि वापरातील कोणताही महत्त्वाचा बदल तिच्यात येत असे. तिचा शब्दशः अंमल केला असता तर कोंबड्यांच्या खुराड्यासाठीही अर्ज करावा लागला असता! म्हणून सरकारने सर्वसाधारण विकास आदेश काढून किरकोळ बांधकामांना सरसकट परवानगी देऊन टाकली. यालाच 'परमिटेड डेव्हलपमेंट' किंवा अनुज्ञेय विकास म्हणतात. बारकाईने पाहिले तर हा हक्क मालकाचा नैसर्गिक हक्क उरलेला नाही. राज्याने घेतलेल्या हक्कातील एक लहानसा तुकडा त्याला आदेशाद्वारे परत मिळालेला आहे, आणि म्हणूनच सरकार त्याचा आकार वेळोवेळी बदलू शकते.

व्याख्येची हीच धाटणी महाराष्ट्राच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. १९०९ च्या कायद्यामागोमाग मुंबई इलाख्यात १९१५ चा नगररचना कायदा आला होता. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील 'विकास' या संज्ञेची व्याख्याही ब्रिटिश व्याख्येच्याच वळणाची आहे.

मोजमापातील बदल :

प्रारंभीच्या काळात भर होता घनफळावर. मूळ घर १,७५० घनफूट किंवा एक-दशांश, यांपैकी जे अधिक असेल तितके वाढविण्यास मुभा होती. १९७७ च्या आदेशात ही मर्यादा ५० घनमीटर होती आणि १९८१ मध्ये, थॅचर सरकारच्या काळात, ओळीतील जोडघरे वगळता ती ७० घनमीटर किंवा १५ टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. बागेतील स्वतंत्र खोलीला उंचीची मर्यादा होती : दुपाखी छप्पर असल्यास ४ मीटर, अन्यथा ३ मीटर. १९९५ च्या आदेशानुसार घरापासून ५ मीटरच्या आत १० घनमीटरहून मोठी खोली बांधली, तर ती घराचीच वाढ समजली जाई. परंतु शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती अंतर सोडावे, याची अट नव्हती. चार मीटर उंचीची खोली थेट कुंपणाला भिडवूनही बांधता येत असे.

१ ऑक्टोबर २००८ पासून ही पद्धत बदलली. कुंपणापासून २ मीटरच्या आत बांधकाम असल्यास एकूण उंची २.५ मीटरहून अधिक असता कामा नये, अशी अट आली. छपराच्या वळचणीची उंचीही २.५ मीटरवर आणली गेली. खोली एकमजली असावी, घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे येऊ नये आणि सर्व जोडबांधकामे मिळून मूळ घराभोवतालच्या जागेचा निम्म्याहून अधिक भाग व्यापू नये, या अटी त्यासोबत होत्या. १५ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या आदेशात 'ई' वर्गाखाली त्या कायम आहेत. पूर्वी मालकाचे घर किती वाढले हे मोजले जाई. २००८ नंतर शेजाऱ्याच्या उजेडावर किती आक्रमण झाले हे मोजले जाऊ लागले. लेखाच्या दृष्टीने हा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक तयार खोल्यांचे छप्पर सपाट आणि उंची अडीच मीटरच्या आत असते, ती सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे. सदनिकांना या वर्गाचा लाभ नाही, तर वारसा यादीतील घरांच्या आवारात अशा खोलीसाठी अर्ज करावाच लागतो.

वापराचा प्रश्न :

उंची पट्टीने मोजता येते; हेतू मोजता येत नाही. खोली घराच्या उपभोगाला 'आनुषंगिक' असली पाहिजे, ही अट जुनी आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात कोंबड्या, मधमाश्या व पाळीव प्राणी यांचा उल्लेख अद्याप टिकून आहे. १९८९ च्या एका निवाड्यात आकार विचारात घेता येतो, पण केवळ आकारावरून निर्णय करता येत नाही, असे ठरले. १९९१ मध्ये ४४ कुत्री पाळणे आनुषंगिक मानण्यास अपील न्यायालयाने नकार दिला. अभ्यासिका, व्यायामाची खोली, चित्रशाळा चालते. स्वतंत्र घर चालत नाही.

गरिबीचा संबंध येतो तो याच ठिकाणी. लंडन व परिसरात घरभाडे परवडेनासे झाल्यावर परसातील शेडमध्ये, बहुधा स्थलांतरित, भाडेकरू ठेवले जाऊ लागले. २०१२ मध्ये सरकारने याविरुद्ध स्थानिक संस्थांना निधी दिला आणि २०१३ मध्ये स्लाव येथे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने विमानातून पाहणी झाली. मध्यमवर्गीयाच्या अभ्यासिकेला मोकळीक देणारा कायदा आणि त्याच आकाराच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला बाहेर काढणारा कायदा एकच आहे. झोपण्याची सोय नसलेल्या १५ चौरस मीटरपर्यंतच्या खोलीला बांधकाम नियमावलीतून सूट असल्याने आग, ओल व थंडी यांबाबत अशा खोलीची तपासणी झालेली नसते, हे लक्षात घेतले म्हणजे कारवाईचे समर्थनही करता येते. मात्र कारवाईनंतर भाडेकरू कोठे जातो, याचे उत्तर नियोजनाच्या कायद्यात नाही.

अशा बेकायदा निवासाला पूर्वी चार वर्षे उलटल्यावर अभय मिळे. २०२३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये २५ एप्रिल २०२४ पासून ही मुदत दहा वर्षे केली. त्या तारखेपूर्वी ज्यांचे बांधकाम बहुतांशी पूर्ण झाले होते किंवा निवासासाठी वापर सुरू झाला होता, त्यांना चार वर्षांचीच मुदत लागू राहिली.