गंज, पेठ आणि मॉल

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली. पुढे तिचे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. बरोबर 400 वर्षांनी, ऑक्टोबर 2010 मध्ये, याच शहराच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत प्रोझोन मॉल सुरू झाला. तयार कपड्यांच्या धंद्यातली प्रोव्होग ही भारतीय कंपनी आणि मॉल चालवणारी एक ब्रिटिश कंपनी यांची ती भागीदारी होती. बीडहून दवाखान्याला किंवा लग्नाच्या खरेदीला जाणारी आमच्याकडची माणसे आता तिथेही एक चक्कर मारून येतात. या दोन घटनांमधला फरक समजून घेतला तर आपल्या रोजीरोटीचा एक प्रश्न उलगडतो.

मी भाषेचा शिक्षक, म्हणून आधी शब्द पाहू. 'बाजार' फारसीतून आला. 'गंज' हाही फारसी शब्द. त्याचा अर्थ खजिना, कोठार आणि पुढे धान्याचा बाजार. 'पेठ' कन्नडच्या 'पेटे'शी नाते सांगते. औरंगाबादेत शहागंज आहे, आमच्या बीडमध्ये बशीरगंज आहे आणि पेठ बीडही आहे. म्हणजे बाजार आणि वस्ती यांचे नावच एक. 'मॉल' हा शब्द मात्र लंडनमधल्या एका खेळावरून आला. मोगरीने चेंडू मारण्याचा तो खेळ जिथे चाले, ती जागा पुढे उमरावांच्या फेरफटक्याची झाली. मोकळे हिंडणे हा अर्थ त्या शब्दाला असा चिकटला.

आजच्या मॉलचा जनक व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा ज्यू. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर 1938 मध्ये तो निर्वासित होऊन अमेरिकेत गेला. तिथल्या उपनगरांत मोटारी होत्या, बंगले होते, पण चौक नव्हता. आपल्या गावासारखी माणसे भेटण्याची जागा इथेही असावी, असे त्याला वाटले. 1956 मध्ये मिनियापोलिसजवळच्या इडायना येथे त्याने साउथडेल हा संपूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला. त्याच्या आराखड्यात भोवती घरे, शाळा, दवाखाना, बगीचा असे सगळे होते. प्रत्यक्षात मॉल झाला आणि भोवती मोटारी उभ्या करायचे पटांगण उरले. उतारवयात ग्रुएन व्हिएन्नाला परतला आणि या मॉलांशी आपला संबंध नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले.

आपल्याकडे 1999 मध्ये मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला. औषधांच्या कारखान्याच्या जागेवर तो झाला. सुरुवातीला गर्दी आवरण्यासाठी दारात अट घातली गेली: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. त्या काळी मोबाइल किती जणांकडे होता? टीका झाली आणि अट मागे घेतली गेली. पुढे तो मॉल विकला गेला, नाव बदलले, गर्दीही ओसरली. पण मॉलला दरवाजा असतो आणि आत कोणाला घ्यायचे हे मालक ठरवतो, ही गोष्ट त्या अटीने उघड केली.

जुना बाजार समतेचा होता, असे मी म्हणत नाही. जातपात तिथेही होती, पाणवठे वेगळे होते. मॉलमध्ये स्वच्छतागृह असते, बसायला जागा असते आणि बुरख्यातल्या मुलीही निवांत हिंडतात. आमच्या किती आठवडी बाजारांत बायांसाठी साधी मुतारी आहे? मॉलकडून हे शिकायलाच हवे. पण बाजाराचा एक मोठा गुण होता. तिथे कमी भांडवलात जागा मिळत असे. मन्यार, अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी ही आमची आडनावे म्हणजे बाजारातले धंदेच. मन्यारणीची बांगड्यांची पेटी चार हात जागेत मावते. मॉलमधला गाळा तिच्या भाड्यात मावत नाही.

हा केवळ आठवणींचा विषय नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार मुस्लिम पुरुष कामगारांपैकी 12 टक्क्यांहून अधिक जण रस्त्यावर माल विकून पोट भरत होते. देशाची सरासरी 8 टक्क्यांच्या खाली होती. म्हणजे रस्त्याकडेची जागा गेली की सर्वात आधी आमच्या घरातली चूल विझते. 'अतिक्रमण हटाव'ची गाडी आली की आपण दैवाला दोष देतो, नाहीतर कुणा पुढाऱ्याच्या घरी जाऊन बसतो.

खरे तर 2014 पासून पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व हवे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही.

मलिक अंबरच्या काळात बाजार कुठे बसेल हे राज्यकर्ता ठरवत असे. मॉलमध्ये मालक ठरवतो. गावातल्या बाजाराबाबत मात्र आज कायद्याने आपल्यालाही बोलण्याचा हक्क आहे. तेव्हा आपल्या नगरपालिकेत जाऊन विचारा: ही समिती आहे का, तिची निवडणूक कधी झाली आणि यादीत आपल्या गल्लीतल्या बागवानाचे नाव आहे का? अर्ज लिहिता येत नसेल तर शिकलेल्या पोराला सोबत घ्या. मराठीत लिहा आणि पोच घ्या.