डॅशबोर्ड : चिखलापासून मखमलीपर्यंत

मोटारीत चालकासमोर जी फळी असते तिला आपण मराठीत, कन्नडात आणि उर्दूतही डॅशबोर्डच म्हणतो. एका वस्तूला तीन घरी तीन नावे असण्याची आपल्या सीमाभागाला सवय आहे. पण मोटार आली ती आपली नावे बरोबर घेऊनच आली. गंमत अशी की हे नाव मुळात मोटारीचे नाही, घोडागाडीचे आहे.

इंग्रजीत 'डॅश' म्हणजे जोराने उडणे, आपटणे. घोडा दौडू लागला की त्याच्या खुरांनी चिखल आणि खडे मागे उडत. ते बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नयेत म्हणून गाडीच्या तोंडाशी लाकडाची किंवा चामड्याची फळी उभी करत. तोच डॅशबोर्ड. आपल्या बैलगाडीला अशी फळी नाही. बैलाच्या संथ चालीला तिची गरजच पडली नाही. अमेरिकेत १९०१ साली निघालेल्या ओल्डस्मोबिल गाडीला घोडा नव्हता, तरी पुढे बर्फगाडीसारखी वळलेली फळी होती, आणि त्या फळीवरूनच त्या गाडीला 'कर्व्हड डॅश' म्हणत. पुढे इंजिन चालकाच्या पुढे आले, चिखलाचा प्रश्न मिटला, फळीवर वेगाचे आणि तेलाचे काटे बसले. काम गेले, नाव मात्र राहिले.

मन्नाएखेळ्ळी ज्या रस्त्यावर आहे तो पुण्याहून सोलापूर, हैदराबादमार्गे मछलीपट्टणला जातो. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग ९ होता, २०१० च्या फेररचनेनंतर ६५ झाला. निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असे याच वाटेने हैदराबादकडे सरकले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर-निलंगा मराठवाड्याबरोबर गेले, जहिराबाद आंध्रात गेले, हुमनाबाद-भालकी म्हैसूर राज्यात राहिले. राज्ये बदलली, पाट्यांवरच्या लिप्या बदलल्या. सोयरिका आणि त्यासाठी धावणाऱ्या मोटारी तशाच राहिल्या.

त्या मोटारींत एक नाव आपल्या जवळचे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली आणि १९७४ पासून तीच 'पद्मिनी' म्हणून ओळखली गेली. तिचे उत्पादन थांबल्यालाही आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आपल्या भागात मात्र कुणाच्या तरी वाड्यात, ताडपत्रीखाली, वडिलांची गाडी म्हणून अशी एखादी मोटार अजून जपलेली आढळते. तिचे इंजिन बांधून मिळते, पत्रा ठोकून मिळतो. अडते ते आतल्या सामानाशी.

फार जुन्या मोटारींचा डॅशबोर्ड लाकडाचा किंवा पत्र्याचा असे. पत्रा तापे, पण तडकत नसे. तडकण्याचे मूळ एका चांगल्या विचारात आहे. डेट्रॉइटचे शल्यचिकित्सक क्लेअर स्ट्रेथ हे अपघातात डॅशबोर्डवर आपटून फुटलेले चेहरे दुरुस्त करत. ही फळी मऊ हवी, तिच्यावरची बटणे आत दडवलेली हवीत, असा आग्रह त्यांनी १९३० च्या दशकात धरला. हळूहळू पत्र्यावर फोमची गादी आणि तिच्यावर व्हिनाइलचे कातडे आले. हे व्हिनाइल मऊ राहते ते त्यात मिसळलेल्या तेलकट रसायनामुळे. उन्हात उभ्या गाडीत ते रसायन हळूहळू उडून जाते. काचेवर आतून जो धुरकट थर धरतो त्यात त्याचाही वाटा असतो. रसायन गेले की कातडे आकसते, कडक होते आणि उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या त्याला भेगा पडतात. बीदर-कलबुर्गीच्या वैशाखाला हे काम फारसे अवघड नाही.

यावर हमरस्त्यावरच्या कुशनवाल्यांचा नेहमीचा उपाय म्हणजे वरून रेक्झिन चढवणे. हा शब्दही इंग्लंडातल्या एका कंपनीच्या नावावरून आपल्या घरात शिरला. पण रेक्झिन चमकते, आणि डॅशबोर्डची चमक समोरच्या काचेत उतरते. आपला रस्ता साधारण पूर्व-पश्चिम. सकाळी हैदराबादकडे निघालेल्याच्या आणि संध्याकाळी सोलापूरकडे परतणाऱ्याच्या डोळ्यांसमोर थेट सूर्य असतो. त्यात फळीचे प्रतिबिंब मिसळले की समोरचा ऊस भरलेला ट्रॅक्टर उशिरा दिसतो. चमक आणणारी पॉलिशे आणि अलीकडच्या गाड्यांतले फिकट बदामी डॅशबोर्ड यांचाही हाच दोष.

याला दुसरा उपाय आहे तो लव चढवण्याचा, म्हणजे फ्लॉकिंगचा. कल्पना जुनी आहे. लोकरीच्या कापडाच्या कातरणीतून पडलेली भुकटी डिंकावर शिंपडून मखमलीचा भास करण्याची सनद इंग्लंडात १६३४ साली जेरोम लॅनियर याला मिळाली. श्रीमंतांच्या भिंतींवर असा कागद लागला. आज हीच लव दागिन्यांच्या डबीत असते, साडीवरच्या फ्लॉक प्रिंटमध्ये असते आणि मोटारीची काच ज्या रबरी खाचेतून वर-खाली सरकते त्या खाचेतही असते. शर्यतीच्या गाड्यांचे डॅशबोर्ड अशा काळ्या लवेने मढवत, ते शोभेसाठी नव्हे, तर काचेत काही उमटू नये म्हणून. उभ्या तंतूंच्या दाटीत शिरलेला प्रकाश आतल्या आत आपटून संपतो. हौशी खगोलप्रेमी दुर्बिणीची नळी आतून याच कारणाने मढवतात.

मी माझ्या गाडीची फळी काढून अशा एका कारागिराकडे नेली तेव्हा लव चढवायला अर्धा तासही लागला नाही. त्याआधीच्या तयारीला दोन दिवस गेले. "पैले मैल निकालो, बाद में मखमल," हे उस्तादांचे पहिले वाक्य. वर्षानुवर्षांचे पॉलिश स्पिरिटने पुसले. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडले, म्हणजे ती पुढे धावत नाही. भेग कापून रुंद केली, लवचीक लांबी भरली, घासून सपाट केली. मग लवेच्याच रंगाचा काळा गोंद लावला, कारण विरळ जागी तळ दिसता कामा नये. गोंद ओला असतानाच मिलीमीटरभराचे नायलॉनचे तंतू चाळणीतून पाडले. कारखान्यात तंतूंना हजारो व्होल्टचा विद्युतभार देतात, त्यामुळे ते गव्हाच्या रोपांसारखे ताठ उभे राहतात. हाताने पाडलेले थोडे आडवे पडतात. उरलेली लव झटकली आणि फळी दीड दिवस सुकू दिली. तंतू श्वासात जाऊ नयेत म्हणून दोघांनीही नाकातोंडावर रुमाल बांधले होते.

एक अडचण उस्तादांनीच आधी सांगितली. लवेवर मूर्ती चिकटत नाही. आपल्याकडच्या डॅशबोर्डवर कुणाचे माणिकप्रभू असतात, कुणाचे बसवेश्वर, कुणाचा ७८६ चा आकडा. म्हणून मधोमध रुपयाएवढी जागा चिकटपट्टीने झाकून कोरी ठेवली.

हे काम पाहताना मला बिदरी आठवत राहिली. जस्त आणि थोड्या तांब्याच्या भांड्यावर चांदी ठोकून बसवली तरी काम पुरे होत नाही. किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने भांडे काळे करावे लागते. चांदीला तो रंग लागत नाही, आणि तळ काळा मंद झाल्यावरच नक्षी उजळते. याच कलेसाठी बीदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. काळोख नीट घातला तर दिसायला हवे ते दिसते, हे या गावाला मोटारीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

मात्र प्रत्येक गाडीला हा उपाय चालणार नाही. चालकासमोरची एअरबॅग २०१९ पासून आणि शेजारच्या आसनासमोरची २०२१ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची ही पिशवी डॅशबोर्डच फोडून बाहेर येते, तेव्हा त्या जागेवर गोंद, लांबी, रेक्झिन काहीही चढवू नये. लव शोभते ती जुन्या गाडीला, जिची फळी आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. पूर्वी या फळीने चिखल अडवला. आता ती चकाकी अडवते. चालकाला रस्ता दिसावा, एवढेच तिचे काम आहे.