बेंद्रे दांपत्य : शोक आणि सहजीवन

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे (३१ जानेवारी १८९६, धारवाड – २६ ऑक्टोबर १९८१, मुंबई) हे ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने लिहिणारे कन्नड कवी. घरची भाषा मराठी. मराठीतही त्यांनी लेखन केले, आणि १९४४ ते १९५६ या काळात सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नड शिकवले. १९१९ साली त्यांचा लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. या संसारात एकामागून एक मुले दगावली.

‘नी हींग नोडब्याड नन्न’ ही त्यांची कविता मूल गेल्यानंतरची. नवरा बायकोशी धारवाडी बोलीत बोलतो आहे, घरात बोलतात तसा. तिची नजर त्याला सोसवत नाही. तरी तो तिला ‘धीर धर’ म्हणत नाही. ओठ चावून हुंदका दाबू नकोस, हसून दुःख लपवू नकोस, पोटभर रडून घे, अशी विनवणी करतो. समाचाराला आलेली माणसे सहसा उलटे सांगतात. इथे रडायची मुभा देणाराही तेच दुःख भोगतो आहे, आणि मला ही कविता थोर वाटते ती यासाठी. आज ती मैफलींत गायली जाते; पुष्कळजण ती निव्वळ प्रणयगीत समजतात.

‘सखीगीत’ (१९३७) या दीर्घकाव्यात बेंद्र्यांनी सगळा संसारच सखीपुढे मांडला, त्यातल्या कडवटपणासकट.

  

मूल गेल्यावर जोडपी दुरावतातही. एकाला बोलायचे असते, दुसऱ्याला कामात बुडून जायचे असते, आणि दुसऱ्याचे गप्प राहणे पहिल्याला कोरडेपणा वाटते. जोडीदाराच्या आधाराने नेमके काय होते, याचा एक प्रयोग जेम्स कोन व सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसेल असे सांगून त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली. नवऱ्याचा हात हाती असताना मेंदूतली धोक्याची प्रतिक्रिया कमी झाली. अनोळखी माणसाच्या हाताने तेवढी नाही. ज्यांचे सहजीवन अधिक समाधानाचे, त्यांच्यात हा परिणाम ठळक होता.