जिंकलेल्या प्रशिक्षकाला काढतात तेव्हा

मंडळी, लोधिवलीत हॉकीवर बोलायचं म्हटल्यावर तुमच्यापैकी एकदोघांनी विचारलंच, की इकडे हॉकी कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. खालापूर-कर्जतचा हा पट्टा कबड्डीचा आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटचा. पण जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बसलो आहोत. घाट चढून गेलं की पुण्याच्या अलीकडे खडकी लागते, आणि उलट दिशेला गेलं की चर्चगेटचं हॉकी मैदान. खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मैदानाची निगा राखणाऱ्या एका कामगाराच्या घरी 1968 साली धनराज पिल्ले जन्मला. मोडक्या स्टिकांनी खेळत तिथून मुंबईला आला आणि तिथून देशाच्या संघात गेला. आजचा विषय त्याच्या सर्वांत मोठ्या विजयापासून सुरू होतो. खरं म्हणजे त्या विजयानंतर जे घडलं, तिथपासून.

डिसेंबर 1998, बँकॉक. आशियाई खेळांत हॉकीचं सुवर्णपदक भारताला 1966 नंतर मिळालेलं नव्हतं. बत्तीस वर्षं! अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत राहिला आणि पेनल्टींवर आपण जिंकलो. कर्णधार धनराज, प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक. हे कौशिक म्हणजे 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले खेळाडू. गोलरक्षकांना शिकवायला मीर रंजन नेगी. 1982 साली दिल्लीत पाकिस्तानकडून 1-7 असा पराभव झाला तेव्हा गोलात उभे होते आणि पुढे वर्षानुवर्षं ज्यांनी लोकांचे टोमणे ऐकले, तेच नेगी. एवढं सगळं एका संघात जुळून आलं होतं.

आणि नंतर? पुढच्या संघातून धनराज आणि सहा ज्येष्ठ खेळाडू वगळले गेले. कौशिकही गेले. महासंघानं खेळाडूंबाबत दिलेलं कारण एका शब्दाचं होतं: विश्रांती.

आमच्यासारख्या प्रेक्षकांत तेव्हा सरळ दोन तट पडले. एक तट म्हणायचा, हा धडधडीत सूड आहे. धनराजनं परदेश दौऱ्यांवर मिळणाऱ्या तुटपुंज्या भत्त्याबद्दल आणि राहण्याच्या सोयीबद्दल उघड तक्रार केली होती, त्याची ही शिक्षा. दुसरा तट म्हणायचा, देशाकडून खेळताना पैशाची भाषा कसली? संघात शिस्त हवी की नको? दुसऱ्या तटाला आम्ही मूर्ख म्हणणार नाही. शिस्तीशिवाय संघ चालत नाही, हे खरंच आहे. पण बेशिस्त झाली असेल तर तसा आरोप ठेवा, चौकशी करा. आरोपाला माणूस उत्तर देऊ शकतो. ‘तुम्हाला विश्रांती दिली आहे’ याला काय उत्तर देणार?

आता आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे खोड जात नाही. न्यायशास्त्रात कारण ठरवायची एक साधी कसोटी आहे: अन्वय-व्यतिरेक. एक गोष्ट असते तेव्हा दुसरी असते, आणि पहिली नसते तेव्हा दुसरीही नसते, असं दिसलं तरच पहिलीला दुसरीचं कारण म्हणावं. प्रेक्षकांचा नेहमीचा समज असा, की संघ हरतो म्हणून प्रशिक्षक जातो. लावून बघू या कसोटी.

2002 च्या क्वालालंपूर विश्वचषकात संघ हरू लागला आणि सेड्रिक डिसूझा यांना स्पर्धा चालू असतानाच दूर केलं. संघ दहावा आला. इथे अन्वय जुळतो. 2004 साली अथेन्स ऑलिंपिक काही आठवड्यांवर आलं असताना राजिंदर सिंग गेले आणि जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आले. म्हणजे परीक्षेच्या तोंडावर मास्तर बदलला. संघ सातवा आला. 2014 ला इंचिऑनमध्ये तब्बल सोळा वर्षांनी पुन्हा आशियाई सुवर्ण मिळालं, तेही पाकिस्तानला शूटआऊटमध्ये हरवून. महिना-दीड महिन्यात ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक टेरी वॉल्श यांनी पद सोडलं. त्यांची तक्रार निर्णय घेण्याच्या पद्धतीबद्दल होती. 2015 ला पॉल व्हॅन आस गेले. अँटवर्पमध्ये मलेशियाविरुद्धच्या सामन्यानंतर हॉकी इंडियाचे अध्यक्ष नरिंदर बत्रा मैदानावर येऊन खेळाडूंशी बोलू लागले, आपण त्यांना बाहेर जायला सांगितलं, असं व्हॅन आस यांचंच म्हणणं. तो सामना भारतानं जिंकला होता.

म्हणजे हरल्यावर जातात, जिंकल्यावर जातात, स्पर्धेआधी जातात, स्पर्धा चालू असताना जातात. पराभव हे कारण धरलं तर व्यतिरेक टिकत नाही. बँकॉक, इंचिऑन, अँटवर्प या तिन्ही ठिकाणी समान काय दिसतं? मैदानावरच्या माणसांनी काही मागितलं किंवा कोणाला तरी नकार दिला. प्रत्येक प्रकरण या साच्यात बसतं असं नाही. 2023 च्या विश्वचषकात भारत घरच्या मैदानावर उपांत्यपूर्व फेरीतही पोचला नाही, तेव्हा ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला. टोकियोत एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळालं, तेव्हाचे हे प्रशिक्षक. तो साधा पराभवाचा हिशेब होता.

पुढे क्रेग फुल्टन आले आणि 2024 ला पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य मिळालं. लगेच लोक म्हणाले, बघा, बदल बरोबर होता! अहो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली तर फांदी कावळ्यानं मोडली का? काकतालीय न्याय म्हणतात तो हाच. रीड राहिले असते तर काय झालं असतं, हे दाखवणारा सामना कुठेच खेळला गेलेला नाही. निकालावरून निर्णय योग्य की अयोग्य ठरवायचा हा सगळा वाद म्हणूनच कधी संपत नाही.

निर्णय कोणाचा होता, हे मात्र विचारता येतं. त्याला उत्तर असतं. बर्फावरच्या हॉकीत संघ बांधणाऱ्या माणसाला जनरल मॅनेजर म्हणतात. खेळाडू घेणं-सोडणं त्याच्या हातात असतं. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा संघ 2021 च्या जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत पोचला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, नवा हंगाम वाईट सुरू झाल्यावर, जनरल मॅनेजर मार्क बेर्जव्हँ यांना काढलं. चाहते भांडले, पण निर्णय मालक जेफ मोल्सन यांचा आहे हे सर्वांना माहीत होतं. आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर 1971 ला पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले ते विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं. शिव्या द्यायच्या की हार घालायचा, पत्ता ठाऊक होता. भारतीय हॉकीत मात्र प्रशिक्षकाकडे जबाबदारी जनरल मॅनेजरची आणि अधिकार त्याच्या निम्माही नाही. उरलेला अधिकार ज्यांच्याकडे, ते ‘महासंघ’ या शब्दामागे उभे.

हे सर्वांत स्पष्ट दिसलं 2008 ला. 9 मार्चला चिलीतल्या सांतियागोत ब्रिटनकडून 0-2 असा पराभव झाला आणि 1928 नंतर प्रथमच भारत ऑलिंपिकला अपात्र ठरला. प्रशिक्षक होते मुंबईचे जोआकिम कार्व्हालो. त्यांनी राजीनामा दिला. महासंघाचे अध्यक्ष के. पी. एस. गिल 1994 पासून त्या खुर्चीवर होते. त्या काळात किती प्रशिक्षक आले-गेले ते मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. त्या मार्चमध्ये प्रेक्षकांचा वाद पहिल्यांदाच प्रशिक्षकाला सोडून वर गेला. धनराजसारखे जुने खेळाडूही गिल यांनी जावं असं उघड म्हणू लागले. गिल गेले नाहीत. एप्रिलच्या अखेरीस, सचिवांवर लाच घेतल्याचा आरोप एका वृत्तवाहिनीनं दाखवल्यावर, भारतीय ऑलिंपिक संघटनेनं अख्खा महासंघच निलंबित केला, तेव्हा ती खुर्ची रिकामी झाली.

सांतियागोनंतर महासंघाच्या एका उपाध्यक्षांनी मात्र लगेच राजीनामा दिला होता, आणि अध्यक्षांनीही जावं अशी मागणी केली होती. तेव्हा आम्हाला त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. ते उपाध्यक्ष म्हणजे नरिंदर बत्रा. होय, सात वर्षांनी अँटवर्पच्या मैदानावर उतरले, तेच.