स्काऊटच्या पायऱ्या आणि आपण



हल्ली गळ्यात स्कार्फ बांधलेली आपल्या सोसायटीतील तीन-चार मुले लिफ्टपाशी दिसतात. परवा त्यांपैकी एकाच्या आईने विचारले, "काका, तुम्हीही स्काऊट होतात ना? याचे दहावीला किती गुण मिळतात?" उत्तर द्यायचे राहिले, ते इथे देतो.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले. बड्या घरची आणि कामगारांची मुले त्याने एकाच तंबूत ठेवली. पुढल्या वर्षी त्याचे पुस्तक निघाले आणि पायऱ्या ठरल्या : टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास. टेंडरफूटला नियम, सलाम आणि गाठी. सेकंड क्लासला दोनच काड्यांत चूल पेटवणे, शिवाय बचत खात्यात किमान सहा पेन्स! मी जन्मभर बँकेत काढला, त्यामुळे ही अट मला फार आवडते. फर्स्ट क्लासला पन्नास यार्ड पोहणे, सात मैल जाऊन परत येणे. आणि आणखी एक अट, स्वतः तयार केलेला एक टेंडरफूट घेऊन येणे. म्हणजे खालच्याला शिकवल्याशिवाय वर जाता येत नसे.

भारतात १९०९ मध्ये बंगळूरला पहिले पथक निघाले, पण आपल्या मुलांना त्यात प्रवेश नव्हता. मग मद्रासेत ॲनी बेझंट यांनी आणि उत्तरेत पं. मालवीय, कुंझरू, वाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी पथके उभी केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स' झाले. पुढच्या वर्षी गाईड्सही आल्या. राजाच्या नावाचा सर्वोच्च किताब गेला, राष्ट्रपतींचा आला. आज पायऱ्या अशा : प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला काही महिने द्यावेच लागतात. घाई चालत नाही.

मी आठवीत असताना आमचा संघनायक माझ्याहून एका वर्षानेच मोठा होता. शाळेच्या ओट्यावर बसून त्याने मला रीफ नॉट शिकवली : आधी उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. मी सतरा वेळा चुकलो. तो चिडला नाही आणि माझ्या हातातून दोरी काढून स्वतः गाठ मारून दिली नाही. ही गाठ आजही माझे हात डोळे मिटून मारतात.

आता एक कबुली. या सोसायटीचा मी अकरा वर्षे खजिनदार होतो. वह्या चोख ठेवल्या, ऑडिटला कधी शेरा नाही. पण एकालाही शिकवले नाही. "द्या इकडे, मी करतो, लवकर होईल," हेच माझे पालुपद. मग माझी बायपास झाली आणि तीन महिने मेंटेनन्सची बिले निघाली नाहीत. लोक म्हणाले, काकांशिवाय सोसायटीचे चालत नाही. तेव्हा मला बरे वाटले होते. आज त्याची लाज वाटते. संघनायकाच्या हिशेबाने मी नापास होतो.

तेव्हा त्या ताईंना माझे उत्तर : गुणांचे शाळेत विचारा. मुलगा वरच्या सोपानाला गेला की एवढेच बघा, त्याने धाकट्या कुणाला गाठ शिकवली का?

आणि आपल्यासाठी : आपण पहिले सभासद आता सत्तरीपुढे गेलो. कमिटीत नवे कुणी येत नाही, ही तक्रार दर वार्षिक सभेत होते. आपण कुणाला तयार केले? गेल्या दिवाळीपासून दर रविवारी एक तरुण सभासद माझ्याकडे लेजर शिकायला येतो. तो चुकतो. मी हात मागे बांधून बसतो.